लायसन्स संपत आलंय, आणि डाव्या डोळ्यात काचबिंदू आहे

प्रश्न : मी ७१ वर्षांचा निवृत्त शिक्षक, साताऱ्यात पत्नीसोबत राहतो. चाळिशीत गाडी शिकलो, तेव्हापासून स्वतःच चालवतो. माझ्या लायसन्सची मुदत पुढच्या महिन्यात संपते आहे. चार वर्षांपूर्वी डाव्या डोळ्यात काचबिंदू निघाला, त्यासाठी रोज रात्री थेंब घालतो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण तो अजून पिकलेला नाही म्हणून थांबलो आहे. एक बरं झालंय, गेल्या वर्षभरात पेपर चष्म्याशिवाय वाचता येऊ लागला आहे. दिवाळीत कोरेगावहून संध्याकाळी परतताना एका फाट्यावर डावीकडून आलेली मोटरसायकल मला अगदी शेवटच्या क्षणी दिसली. आरसा घासला, सुदैवाने कोणाला लागलं नाही. तेव्हापासून पुण्याचा मुलगा 'गाडी विकून टाका' म्हणून मागे लागला आहे. पत्नीचे गुडघे दुखतात, तिला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं. एजंट म्हणतो, डॉक्टरचा दाखला मी आणतो, तुम्ही फक्त सही करा. माझं लायसन्स होईल का? एजंटचं ऐकावं का? आणि मुलाचं?

उत्तर :

नमस्कार सर,

तुमच्या तीन प्रश्नांपैकी मधल्याचं उत्तर आधी देते, कारण पुढच्या महिन्याच्या घाईत तिथेच पाऊल चुकायची शक्यता आहे. एजंटकडून दाखला घेऊ नका.

तो ज्याला दाखला म्हणतो तो 'फॉर्म १-ए'. वय ४० च्या पुढे गेलं की लायसन्सचं नूतनीकरण करताना नोंदणीकृत डॉक्टरने तपासून दिलेला हा फॉर्म जोडावा लागतो. त्याच्या जोडीला 'फॉर्म १' असतो. त्यात आपल्या तब्येतीबद्दल आपण स्वतः लिहून द्यायचं असतं. तुम्हाला 'फक्त सही करा' म्हणतात ती सही या फॉर्मवरची. म्हणजे डॉक्टरने न तपासता दिलेला एक कागद आणि तुम्ही न वाचता सही केलेला दुसरा कागद आरटीओत जमा होणार. उद्या रस्त्यावर काही वाईट झालं आणि कागद उघडले गेले, तर त्यावर नाव तुमचं असेल, एजंटचं कुठेही नसेल. आजारामुळे आपलं गाडी चालवणं लोकांना धोक्याचं आहे हे माहीत असूनही गाडी चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ खाली गुन्हा आहे. तुमच्याकडे काचबिंदूची चार वर्षांची फाइल आहे. 'मला माहीत नव्हतं' असं तुम्हाला म्हणता येणार नाही.

पण कायद्यापेक्षा मला काळजी वेगळ्या गोष्टीची वाटते. त्या दाखल्याच्या निमित्ताने तुमचे डोळे नीट तपासले जाण्याची एक संधी आली आहे, आणि एजंट पैसे घेऊन नेमकी तीच काढून घेतो आहे. दिवाळीत जे झालं त्यानंतर ही तपासणी टाळणं तुम्हाला परवडणारं नाही.

आता लायसन्सचं. आपल्या कायद्यात खासगी गाडी चालवायला वयाची वरची मर्यादा नाही. ७१ काय, ८१ व्या वर्षीही लायसन्स नव्याने होऊ शकतं. वयाच्या ५५ नंतर ते एका वेळी पाच वर्षांसाठी मिळतं, हे तुम्हाला मागच्या खेपांवरून माहीत असेलच. अर्ज परिवहन खात्याच्या 'सारथी' पोर्टलवर होतो. मुदत संपण्याच्या आधी एक वर्षापासून ते संपल्यानंतर एक वर्षापर्यंत कधीही नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. ते वर्ष उलटलं, तर मात्र पुन्हा वाहन चालवण्याची चाचणी द्यावी लागते.

या एका वर्षाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. अर्ज करायला वर्ष आहे म्हणजे गाडी चालवायलाही वर्ष आहे, असं नाही. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस लायसन्स चालू धरलं जायचं. २०१९ च्या दुरुस्तीत ती सवलत काढून टाकली. ज्या तारखेला मुदत संपते, त्या तारखेनंतर नवं होईपर्यंत तुमच्याकडे लायसन्स नाही असंच धरलं जातं. त्या काळात पकडले गेलात तर ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. अपघात झाला तर विमा कंपनी तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते, आणि समोरच्याला दिलेली भरपाई तुमच्याकडून वसूल करण्याची मुभाही कंपनीला मिळू शकते. पेन्शनवर जगणाऱ्या घराला हे झेपणारं नसतं.

मग ते एक वर्ष कशासाठी वापरायचं? तुमच्या बाबतीत मला त्याचं उत्तर स्पष्ट दिसतं: डोळे दुरुस्त करून घेण्यासाठी. ते कसं, हे सांगण्याआधी फॉर्ममध्ये नेमकं काय विचारतात ते पाहू.

दृष्टीबद्दलचा मुख्य प्रश्न असा असतो: चांगल्या उजेडात, लागत असल्यास चष्मा लावून, २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट प्रत्येक डोळ्याने ओळखता येते का? लाल आणि हिरवा रंग ओळखण्याबद्दल आणि रातांधळेपणाबद्दलही विचारतात. सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना २०२० पासून लायसन्स मिळू शकतं, पण तो तुमचा प्रश्न नाही. तुमचा प्रश्न 'प्रत्येक डोळ्याने' या दोन शब्दांत आहे. बहुतेक लोक दोन्ही डोळे उघडे ठेवून समोरची प्लेट वाचतात आणि 'हो' लिहून मोकळे होतात. चांगला डोळा वाईट डोळ्याचं काम करत राहतो आणि माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

हे घरी तपासता येतं. सकाळच्या चांगल्या उजेडात ओळखीच्या कोणाची तरी मोटार उभी करा. स्कूटर नको, तिच्या प्लेटवरची अक्षरं लहान असतात. टेपने २५ मीटर मोजा. टेप नसेल तर चार मीटर लांबीच्या सहा लहान मोटारी एकामागे एक लावल्या तर जेवढं अंतर होईल, त्याहून थोडं जास्त धरा. नंबर आधीपासून पाठ असलेली गाडी घेऊ नका. लांबचा चष्मा लावा, एक डोळा तळहाताने झाका (दाबू नका), आणि वाचा. मग दुसरा डोळा. मला वाटतं, उजव्या डोळ्याने वाचताना तुम्ही अडखळाल.

असं का वाटतं? तुम्ही पत्रात 'एक बरं झालंय' म्हणून जे लिहिलंय त्यामुळे. चष्म्याशिवाय पेपर वाचता येऊ लागणं ही सत्तरीत डोळे सुधारल्याची खूण नसते, सर. मोतीबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यातल्या भिंगाचा मधला गाभा घट्ट होत जातो. त्याने भिंगाची ताकद वाढते आणि डोळा जवळच्या नजरेकडे सरकतो. जवळचं बिनचष्म्याचं दिसू लागतं आणि तेवढ्याच प्रमाणात लांबचं धूसर होतं. माझ्या ओपीडीत आजी-आजोबा हसत हसत सांगतात, 'डॉक्टर, माझा चष्मा सुटला', आणि मी तक्त्यावर लांबचं वाचायला सांगितलं की तिसऱ्या-चौथ्या ओळीवर थांबतात. हा बदल इतका हळू होतो की लांबचं कमी झालेलं जाणवत नाही, जवळचं वाढलेलं मात्र रोज सकाळी पेपर उघडताना जाणवतं. वर्षभरापूर्वीचा तुमचा लांबचा नंबर आज बहुधा जुळत नसणार.

मोतीबिंदूचा त्रास केवळ धूसरपणाचा नसतो. गढूळ भिंगात शिरलेला प्रकाश आत विखुरतो. समोरून येणाऱ्या गाडीच्या अप्परने (वर केलेल्या झगझगीत दिव्यांनी) डोळ्यांपुढे पांढरा पडदा येतो, दिव्याभोवती कडी दिसतात. त्यातच वयाबरोबर बाहुली लहान होत जाते. विशीतल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर पोचतो. तिरीप लागल्यावर नजर पुन्हा स्थिरावायलाही तरुणपणापेक्षा जास्त वेळ लागतो. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे भुयारी रस्त्यात, भर उन्हातून शिरताना तुम्हाला क्षणभर काहीच दिसेनासं होत असेल, तर त्याचं कारण हेच. आणि गळीत हंगामात कोरेगाव रस्त्यावरून संध्याकाळी येताना काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, मळक्या रंगाची उसाची ट्रॉली, आणि समोरून ट्रकचा अप्पर. असल्या फिक्या, अंधारात मिसळलेल्या वस्तू दिसण्याची क्षमता मोतीबिंदूत सगळ्यात आधी जाते. काळ्या-पांढऱ्या ठळक अक्षरांच्या तक्त्यावर ती पकडलीच जात नाही.

२५ मीटरवरून नंबरप्लेट वाचता येणं ही किती किमान अट आहे, हेही एकदा मनात घोळवा. मोटारीच्या प्लेटवरचं अक्षर ६५ मिलिमीटर उंच असतं. ते २५ मीटरवरून वाचणं म्हणजे डॉक्टरांच्या तक्त्यावर ६/९ आणि ६/१२ च्या मधली कुठलीतरी ओळ वाचणं (चांगली नजर म्हणजे ६/६). आता ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात २५ मीटर संपलेले असतात. गाडी थांबायला सुरुवात होते ती त्याच्यापुढे. म्हणून या अटीत आपण काठावर बसतो आहोत असं दिसलं, तर 'चला, बसलो' म्हणून सुटकेचा श्वास सोडू नका.

आता डावा डोळा. फॉर्ममध्ये ज्याबद्दल एकही प्रश्न नाही, ती गोष्ट इथे आहे: बाजूचं किती दिसतं.

काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारी शीर हळूहळू निकामी होते. बहुतेकदा दुखत नाही, लाल होत नाही, आणि मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहू शकते. असा माणूस तक्त्यावर ६/६ वाचतो, नंबरप्लेट खणखणीत वाचतो, आणि तरी त्याच्या नजरेच्या पटात, म्हणजे समोर पाहताना जेवढं दिसतं त्या सगळ्या भागात, मोठमोठे तुकडे गायब असतात. ते तुकडे काळे दिसत नाहीत. तिथे काहीतरी कमी आहे असं वाटतच नाही, कारण मेंदू आजूबाजूच्या चित्रावरून ती जागा भरून काढतो. मोकळा रस्ता दिसतो. त्या मोकळ्या रस्त्यातून अचानक मोटरसायकल निघते.

दिवाळीत तुमच्या बाबतीत हेच झालं असं मी न तपासता म्हणणार नाही. फाट्यावर गाडीच्या खांबाआड मोटरसायकल लपू शकते, ती वेगात आलेली असू शकते, संध्याकाळची वेळ होती. पण एक गोष्ट लक्षात घ्या. उजवा डोळा डावीकडे फार तर ६० अंशांपर्यंत पाहतो, पुढे नाक आडवं येतं. त्याच्या पलीकडचा डावा भाग पाहायला तुमच्याकडे डाव्या डोळ्याशिवाय दुसरं काही नाही. आणि जिथे दोन्ही डोळ्यांचा पट एकावर एक येतो, तिथे डाव्याची उणीव भरून काढायची ती उजव्याने, ज्याच्यात मोतीबिंदू आहे. एक डोळा दुसऱ्याला सांभाळतो ही सोय तुमच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी कमकुवत झालेली आहे. शिवाय काचबिंदू एका डोळ्यात निघाला की दुसराही कायम नजरेखाली ठेवावा लागतो.

म्हणून माझं ठाम म्हणणं असं, की फील्ड टेस्ट, म्हणजे नजरेचा हा पट मोजणारी तपासणी, होईपर्यंत गाडी चालवू नका. पुढच्या महिन्यात लायसन्स संपण्याची वाट पाहू नका. आजपासून. फिजिओथेरपीला जायलाही नाही.

फील्ड टेस्ट तुम्ही चार वर्षांपूर्वी केली असेल. एका भांड्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं, मधल्या बिंदूवर नजर रोखायची, आजूबाजूला बारीक दिवे लागतील तसं बटण दाबायचं. कंटाळवाणी असते, आणि म्हणून लोक ती पुढे ढकलतात. थेंब नियमित चालू आहेत, डोळ्याचं प्रेशर ठीक आहे, मग कशाला, असं वाटतं. पण प्रेशर ठीक असूनही शिरेचं नुकसान पुढे जाऊ शकतं, आणि ते कळायला ही टेस्ट आणि शिरेचं स्कॅन हाच मार्ग आहे. जुने सगळे रिपोर्ट घेऊन जा. डॉक्टरांना नुसतं 'नूतनीकरण आहे' असं सांगू नका. 'मी गाडी चालवतो, दिवाळीत डावीकडची मोटरसायकल दिसली नाही, दोन्ही डोळे उघडे असताना मला किती पट दिसतो ते सांगा' असं विचारा. दोन्ही डोळे उघडे ठेवून करायचीही एक फील्ड टेस्ट असते. ब्रिटनमध्ये वाहनचालकांना आडवा किमान १२० अंशांचा पट दिसावा लागतो. आपल्याकडे खासगी लायसन्ससाठी अशी मोजणी कोणी मागत नाही, म्हणून ती आपण होऊन मागायची. उजव्या मोतीबिंदूमुळे त्या डोळ्याचा रिपोर्ट थोडा अंधुक येईल. डॉक्टर ते हिशेबात धरतात, पण शस्त्रक्रियेनंतर टेस्ट पुन्हा करावी लागेल.

तपासणीला जाताना रिक्षाने जा. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास उजेड सहन होत नाही.

थेंबांवरून आठवलं. तुमच्या थेंबांचं नाव पत्रात नाही. काचबिंदूच्या काही थेंबांनी, उदाहरणार्थ टिमोलॉलने, नाडी मंद होऊन चक्कर येऊ शकते. काहींनी गुंगी येते. चक्कर येते का, हाही फॉर्ममधला प्रश्न आहे. तसं काही जाणवत असेल तर डॉक्टरांना सांगा, थेंब बदलता येतात. स्वतःहून बंद मात्र एक दिवसही करू नका. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. थेंब फक्त उरलेली राखतात.

मोतीबिंदूचं नेमकं उलट आहे, आणि तुमच्या पत्रातली खरी आशेची जागा तीच आहे. 'पिकेपर्यंत थांबा' हा जुन्या काळचा नियम होता, तेव्हाची शस्त्रक्रिया वेगळी होती. आता लहानशा छेदातून भिंग फोडून काढतात आणि आत कृत्रिम भिंग बसवतात. त्यासाठी मोतीबिंदू पिकायची गरज नसते. उलट फार पिकून कडक झाला तर शस्त्रक्रिया अवघड होते. रोजच्या कामात अडथळा यायला लागला, की वेळ झाली. गाडी चालवणं हे तुमचं रोजचं काम आहे. सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत किंवा अल्प दरात होते, खर्चाच्या भीतीने थांबला असाल तर तेही कारण उरत नाही. काचबिंदूच्या काही रुग्णांत मोतीबिंदू काढल्यावर डोळ्याचं प्रेशरही थोडं उतरतं.

भिंग निवडताना मात्र जागे राहा. 'जवळचं-लांबचं सगळं बिनचष्म्याचं दिसेल' असं सांगून मल्टिफोकल भिंग सुचवलं जाईल. ते महागही असतं. त्यात येणारा प्रकाश वेगवेगळ्या अंतरांसाठी वाटला जातो, त्यामुळे फिक्या वस्तू ओळखण्याची क्षमता थोडी घटते आणि रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. काचबिंदू असलेल्या माणसात ती क्षमता आधीच कमी झालेली असते. तुमच्यासारख्याला मी साधं मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतराचं भिंग, लांबच्या नजरेसाठी, हेच सुचवते. जवळच्या वाचनाला चष्मा लागेल, लागू दे. शस्त्रक्रियेआधी 'मला काचबिंदू आहे आणि मी गाडी चालवतो' ही दोन वाक्यं सर्जनला सांगायला विसरू नका.

शस्त्रक्रियेनंतर डोळा स्थिरावून चष्म्याचा नंबर ठरायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मग पुन्हा फील्ड टेस्ट, पुन्हा २५ मीटरची प्लेट, प्रत्येक डोळ्याने. आणि मग फॉर्म १ स्वतः वाचून भरा, फॉर्म १-ए साठी डॉक्टरांकडे रिपोर्ट घेऊन जा, काचबिंदू आहे हे त्यांना सांगा. हे सगळं मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत आरामात बसतं. लायसन्स पुढच्या महिन्यात संपू दे. घाईघाईने आजच्या डोळ्यांवर सही करण्यापेक्षा चार महिन्यांनी नव्या डोळ्यांवर केलेली सही मला कितीतरी पसंत आहे.

दोन निकाल लागू शकतात. दोन्ही डोळे उघडे असताना पट पुरेसा दिसला, प्लेट वाचता आली, तर लायसन्स जरूर नवं करा. पाच वर्षांचं मिळालं तरी काचबिंदूची तपासणी डॉक्टर सांगतील तेवढ्या महिन्यांनी करायचीच, कारण नजर लायसन्सच्या तारखेपर्यंत थांबत नाही. गाडी दिवसा चालवा, ओळखीच्या रस्त्यांवर. सूर्य मावळतीला आला की महामार्ग आणि उसाचा रस्ता टाळा. प्रत्येक फाट्यावर नुसती नजर वळवू नका, मानेसकट वळून डावीकडे दोनदा पाहा. गाडीची पुढची काच आतून पुसा, आतला तेलकट थर अप्परची तिरीप दुप्पट त्रासाची करतो. पिवळ्या काचांचे 'नाइट ड्रायव्हिंग' चष्मे घेऊ नका, ते डोळ्यात येणारा उजेड आणखी कमी करतात. चष्म्याची फ्रेम बारीक काड्यांची असू दे, जाड काड्या नेमक्या बाजूच्या नजरेच्या आड येतात.

आणि पट पुरेसा नाही असं डॉक्टर म्हणाले, तर थांबा. एकच फेरी, फक्त पोवई नाक्यापर्यंत, फक्त सकाळी, असं काही नको. चष्मा बदलून किंवा हळू चालवून तो गेलेला पट भरून निघत नाही, आणि फाट्यावरच्या मोटरसायकलवर कोणाचा तरी मुलगा बसलेला असतो. हे लिहायला मला जड जातंय. गाडी सुटणं म्हणजे काय, हे मी माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांत पाहिलंय. देवळात, नातेवाइकांकडे, बँकेत जायला प्रत्येक वेळी कोणाच्या तरी वेळेची वाट पाहायची, ही सल खरी असते. तिला 'वय झालं आता' म्हणून उडवून लावू नये.

म्हणून मुलाच्या म्हणण्याबद्दल मला असं वाटतं, की त्याची भीती बरोबर आहे आणि त्याची घाई चुकीची. तो आरशावरचा ओरखडा पाहून निर्णय सांगतो आहे, तुम्ही इतक्या वर्षांच्या सवयीवरून. दोघांनीही तुमच्या डोळ्यात डोकावलेलं नाही. त्याला म्हणा, गाडी विकायचं नंतर बघू, आधी एक दिवस रजा काढून ये आणि माझ्याबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात बस. फील्ड टेस्टचा कागद दोघांनी मिळून पाहा. त्यावर दिसणारे भाग फिके छापलेले असतात, गेलेले भाग काळे. त्या कागदापुढे भांडण चालत नाही. शस्त्रक्रियेनंतर सगळं ठीक निघालं, तर पहिल्या काही वेळा त्याला शेजारच्या सीटवर बसवा आणि गाडी चालवा. त्याने काय पाहिलं ते तुम्ही शांतपणे ऐकून घ्या. त्यानेही तुमच्या हातून गाडी काढायची म्हणून नव्हे, तुमच्याबरोबर ती चालू राहावी म्हणून यावं. हे पत्र त्याला दाखवलंत तर माझी हरकत नाही.

राहता राहिली काकूंची फिजिओथेरपी, आणि ती थांबता कामा नये. शस्त्रक्रियेपर्यंतचे आणि नंतरचे काही आठवडे ओळखीच्या एका रिक्षावाल्याशी वार आणि वेळ ठरवून महिन्याचे पैसे ठरवा. रोज हात करून रिक्षा शोधण्यापेक्षा ते सोयीचं पडतं, आणि गुडघेदुखीच्या माणसाला दारातून दारात नेणारं कोणी ठरलेलं असलं की काकूंचाही घोर मिटतो. थेरपिस्टला विचारा, दोनपैकी एक सत्र घरी येऊन घेता येईल का. बरेच जण येतात. पुण्याला मुलाकडे जायचं असेल तर एसटीत तुम्हाला ६५ ते ७५ या वयोगटाची निम्म्या तिकिटाची सवलत आहे, काकूंनाही महिला म्हणून निम्मंच तिकीट पडेल. गाडी बाहेर काढायचीच असेल, तर तासावर येणारा ड्रायव्हर बोलवा. गाडी उभी राहून बॅटरी उतरणार नाही, आणि तिचा विमा मात्र या काळातही चालू ठेवा.

डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ याच आठवड्यात घ्या. फोन करताना फील्ड टेस्टची वेळ वेगळी मागून घ्या, अनेक ठिकाणी तिला तपासणीच्या दिवशी जागा नसते आणि पुन्हा खेप पडते.